‘अर्धा इंची द्या’ म्हणण्याआधी

दुकानातून ‘पाऊण इंची’ सांगून आणलेला जोड घरी आल्यावर नळावर चढत नाही. चढलाच तर दोन वेढ्यांत अडकतो, आणि अडकला नाही तर गळतो. वाचकांकडून ही तक्रार इतक्यांदा येते की दर वेळी चूक दुकानदाराची किंवा प्लंबरचीच असेल, असे मानणे कठीण आहे. चूक बहुधा ‘पाऊण इंची’ या शब्दांतच दडलेली असते. पाइप, नळी आणि आटे तिन्ही इंचांनी ओळखले जातात, पण तिघांचा इंच एक नाही. शिवाय मापे जुळली म्हणजे जोड गळणार नाही, असेही नाही. म्हणून जोडसामान घेताना नावावर जाऊ नका. आटा मोजा, आणि त्या जोडात पाणी नेमके कुठे अडणार आहे ते आधी पाहा. बाकीचे सगळे निर्णय या दोन गोष्टींवरून आपोआप ठरतात.

तोंडी इंच आणि खरा इंच

अर्धा इंची नळाचे शेपूट, म्हणजे भिंतीत जाणारा आटेदार भाग, व्हर्निअरने मोजले तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरते. अर्धा इंच म्हणजे मात्र १२.७ मिलिमीटर. ही कारखान्याची चूक नाही. लोखंडी पाइपला पूर्वी आतल्या पोकळीवरून नाव मिळाले. पुढे पाइपची भिंत पातळ होत गेली, पण नवे सामान जुन्या सामानाला जुळावे म्हणून बाहेरचा व्यास आणि त्यावरचे आटे होते तसेच ठेवले गेले. माप बदलले आणि नाव तेवढे राहिले. पंधरा मिलिमीटर म्हणून विकल्या जाणाऱ्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास म्हणूनच आजही २१.३ मिलिमीटरच्या आसपास असतो.

शेतातल्या पीव्हीसी पाइपचा हिशेब उलटा. तो बाहेरच्या व्यासावर आणि मिलिमीटरमध्ये चालतो: ६३, ७५, ९०, ११०. बोलताना आपण ६३ला दोन इंची, ७५ला अडीच इंची आणि ९०ला तीन इंची म्हणून मोकळे होतो. बागेच्या नळीला पुन्हा आतल्या पोकळीवरून ओळखतात. घरातल्या प्लास्टिक पाइपांत तर गोंधळाचा कळस आहे. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून १५.९ मिलिमीटर भरतो, तर शेड्यूल ४० किंवा ८०चा अर्धा इंची यूपीव्हीसी २१.३. दोघांवर छापलेले नाव एकच, पण एकाचा सॉकेट दुसऱ्याला बसत नाही, आणि दोघांचे सोल्युशनही वेगळे. ‘अर्धा इंची पाइपचा सॉकेट द्या’ ही मागणी म्हणून अपुरी आहे. पाइप कशाचा, हे सांगितल्याशिवाय दुकानदारही अंदाजच करणार.

मग हे सगळे एकमेकांना जोडले कसे जाते? आट्यांनी. भारतात पाण्याच्या सामानावर सर्रास ब्रिटिश स्टँडर्ड पाइप, म्हणजे बीएसपी, पद्धतीचे आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये सुचवलेल्या ५५ अंश कोनाच्या आट्याचा हा वारसा. सीपीव्हीसी आणि जीआय यांचे व्यास जुळत नाहीत, तरी सीपीव्हीसीला एमटीए (बाहेरून आटे असलेला तुकडा) चिकटवला की तो जीआयच्या सॉकेटमध्ये बसतो, आणि एफटीए (आतून आटे असलेला) चिकटवला की त्यात जीआयचा निपल बसतो. दोन वेगळ्या जातींचे पाइप जोडायचे असतील तर सॉकेटमध्ये पाइप कोंबण्याचा प्रयत्न करू नका. दोन्ही बाजूंना आट्यांपर्यंत आणा आणि तिथे गाठ घाला.

मोजायचे काय आणि कसे

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी टिपून घ्या: आटे बाहेर आहेत की आत, व्यास किती, आटे किती दाट, आणि टोकाशी रबरी वॉशर (दुकानातला ‘वायसर’) बसायला सपाट कड आहे की नाही. व्यास बाहेरच्या आट्यांच्या कंगोऱ्यांवर मोजायचा. व्हर्निअर नसेल तर कागदाची पट्टी एकदा गुंडाळून तिची लांबी ३.१४ने भागा. अर्धा इंचीला ही पट्टी साधारण ६६ मिलिमीटर लागते, पाऊण इंचीला ८३. आटे आत असतील तर तोंडाशी आतला मोकळा व्यास पाहा. तो अर्धा इंचीत सुमारे १८.६ आणि पाऊण इंचीत सुमारे २४ मिलिमीटर असतो.

दाटपणा मोजायला कोणतेही हत्यार लागत नाही. आटेदार टोक कोऱ्या कागदावर दाबून किंचित फिरवा, म्हणजे ओळीने रेघा उमटतात. पहिल्या रेघेपासून सहाव्या रेघेपर्यंतचे अंतर शाळेच्या पट्टीने मोजा. तीच पाच आट्यांची लांबी. बीएसपीची नेहमीची मापे अशी:

- पाव इंची: बाहेरचा व्यास १३.२ मिमी, इंचाला १९ आटे, पाच आट्यांची लांबी ६.७ मिमी
- अर्धा इंची: व्यास २१ मिमी, इंचाला १४ आटे, पाच आट्यांची लांबी ९ मिमी
- पाऊण इंची: व्यास २६.४ मिमी, इंचाला १४ आटे, पाच आट्यांची लांबी ९ मिमी
- एक इंची आणि त्यावरची: एक इंचीचा व्यास ३३.२ मिमी. इथून पुढे इंचाला ११ आटे, पाच आट्यांची लांबी साधारण ११.५ मिमी

नळाच्या तोंडाची जाळी जिथे बसते तिथले आटे या यादीत शोधू नका. ते बहुधा मेट्रिक असतात, २२ किंवा २४ मिलिमीटर व्यासाचे आणि बारीक. पाच आटे पाच मिलिमीटरमध्येच संपतात. नळाच्या तोंडाला फिल्टर किंवा नळी लावायची असेल तर जोड त्याच मापाचा मागा.

पाणी आट्यांत अडते की वायसरवर?

हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि गळतीचे मूळ बहुतेकदा इथेच असते. पाइपच्या जोडात पाणी दोनच जागी अडवता येते. एक, आट्यांमध्येच. इथे नर आटे निमुळते असतात, दर १६ मिलिमीटर लांबीला व्यास एक मिलिमीटरने वाढतो, आणि आवळत जाल तसे ते घट्ट रुततात. उरलेली फट टेफ्लॉन टेप किंवा सुतळी-सफेदा भरून काढतो. भिंतीत जाणारा बिबकॉक, जीआय पाइपचा सॉकेट, एल्बो हे सगळे या प्रकारचे. दुसरी जागा म्हणजे टोकाच्या सपाट कडेवर बसलेला वायसर. इथे आटे सरळ असतात आणि त्यांचे काम फक्त दोन कडा एकमेकींवर दाबून धरण्याचे. पाणी अडवतो तो वायसर. वॉशिंग मशीनची नळी, हेल्थ फॉसेटची नळी, गिझरची जोडनळी, युनियन हे दुसऱ्या प्रकारातले.

वायसरवर अडणाऱ्या जोडाच्या आट्यांवर टेप गुंडाळला तर काहीच साधत नाही, उलट नुकसान होते. टेपमुळे नट अर्ध्यावर घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि वायसर दाबला जाण्याआधीच हात थांबतो. याउलट, निमुळत्या आट्यांच्या जोडात टोकाशी रबर ठेवून भागत नाही, कारण ते रबर दाबले जाण्याआधीच आटे रुतून बसतात. म्हणजे गळणारा जोड दुरुस्त करताना ‘आणखी आवळू का’ याच्या आधी ‘इथे पाणी अडवणार कोण’ हे विचारायला हवे. नट फिरवून पाहा. आत वायसर असेल तर तो बदला. जुना, कडक झालेला किंवा बोटाच्या दाबाने न दबणारा वायसर काही रुपयांत नवा मिळतो, आणि वॉशिंग मशीनच्या नळीची बरीचशी गळती तेवढ्यानेच थांबते.

गाड्या धुण्याच्या प्रेशर वॉशरमध्ये याचा स्वच्छ नमुना दिसतो. त्यांच्या अनेक नळ्यांना एम-२२ आटे असतात आणि ते एकमेकांवर अगदी सहज चढतात. पण आतली खुंटी काहींत १४ मिलिमीटरची असते आणि काहींत १५. आटे तंतोतंत जुळूनही पाणी उसळते, कारण ते अडते खुंटीवरच्या ओ-रिंगपाशी, आट्यांत नव्हे.

‘टेप जास्त गुंडाळला की झाले’

मोजमापावर घेतला जाणारा पहिला आक्षेप हाच. इतकी वर्षे टेपवर निभावले, मग हा खटाटोप कशाला? टेपने काही जोड खरोखर निभावतात. अर्धा आणि पाऊण इंचात अमेरिकन एनपीटी आणि आपले बीएसपी दोन्हींत इंचाला १४च आटे असल्याने ते एकमेकांत काही वेढे जातात आणि टेपाच्या जाड थरावर पाणी थोपतेही. मात्र एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंशांचा, बीएसपीचा ५५. कंगोरा दरीत पुरता बसत नाही, आणि आट्यांच्या बाजूने पाण्याला गोल जिन्यासारखी वाट उरते. दिवसा कमी दाबात टेप ती वाट बुजवतो. रात्री वापर थांबला की लाइनचा दाब चढतो आणि थेंब सुरू होतो. एक इंचाला तर ही तडजोडही चालत नाही, कारण तिथे एकात ११ आटे आणि दुसऱ्यात साडेअकरा. दोन-तीन वेढ्यांत आटा आट्यावर चढतो, आणि पाना लावून जोर केलात की पितळेचे आटे मरतात.

थेंबभर गळती चालवून घ्यावी असे वाटत असेल, तर दोन गोष्टी लक्षात घ्या. अनेक गावांत आणि शहरांतही पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी गेल्यावर लाइन रिकामी होताना ज्या फटीतून पाणी बाहेर येत होते, तिच्यातूनच हवा आणि आजूबाजूचा चिखल आत ओढला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट विहिरीवरच्या मोटारीची. सक्शन बाजूचा जोड गळत असेल तर पाणी दिसतच नाही, कारण तिथे पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मोटार हवा धरते, पाणी सोडते, आणि शेतकरी फूटव्हॉल्व्ह बदलत बसतो, दोष मात्र पंपाच्या तोंडाशी असलेल्या एका निपलात असतो. मोटार चालू असताना सक्शनच्या जोडांवर एकेक करून ओला चिखल किंवा साबणाचा जाड फेस थापा. ज्या जोडावर तो आत ओढला जाईल, तो दोषी.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: हे प्लंबरचे काम, आपण कशाला शिकायचे? बसवण्याचे काम त्याचेच. पण सामान अनेकदा तुम्हीच आणून देता, किंवा फोनवर ‘अर्धा इंची आहे’ असे तुम्हीच सांगता. त्या एका शब्दावर त्याची आणखी एक फेरी ठरते, आणि फेरीचे पैसे तुम्ही भरता.

परदेशी नोझल, परदेशी आटे

ऑनलाइन मागवलेले किंवा अमेरिकेहून कोणी आणून दिलेले बागेचे नोझल हा सापळा आहे. अमेरिकेतल्या बागेच्या नळीचे आटे वेगळ्याच जातीचे असतात. नाव पाऊण इंचीच, व्यास सुमारे २७ मिलिमीटर, इंचाला साडेअकरा आटे. आपल्या पाऊण इंचीशी व्यासाचा फरक अर्ध्या मिलिमीटरचा, नजरेला न दिसणारा. पण पाच आट्यांची लांबी इथे ११ मिलिमीटर भरते, आपल्याकडे ९. पट्टीवर हा फरक लगेच दिसतो. असे नोझल आपल्या नळावर एक-दोन वेढे चढून अडकते आणि वायसर मऊ असेल तर कमी दाबात गळतही नाही. धोका याचाच, कारण मोटार सुरू झाली की ते निसटू शकते. या दोन आट्यांमधले पितळी अडॅप्टर मिळतात. ते घ्या, नाहीतर नोझल सोडून द्या.

उलट प्रवासही होतो. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे इथून हेल्थ फॉसेट नेतात. फॉसेटची नळी तिथल्या शॉवरच्या अर्धा इंची तोंडावर बहुधा बसते, कारण दोन्हींत इंचाला १४ आटे आणि पाणी अडते वायसरवर. अडचण कमोडच्या टाकीपाशी येते. तिथल्या टाकीच्या खालचे आटे सात-अष्टमांश इंची, आणि भिंतीतल्या कॉकचे तोंड बहुतेक घरांत तीन-अष्टमांश इंची कॉम्प्रेशनचे. इथला अर्धा इंची अँगल कॉक किंवा टी तिथे लागत नाही. फॉसेट न्या, पण टी-जोड तिथेच घ्या.

नेहमीच्या जोडण्या आणि नेहमीच्या चुका

- वॉशिंग मशीन: नळीचा नट पाऊण इंची असतो, भिंतीतला पॉइंट अर्धा इंची. भिंतीकडे अर्धा आणि तोंडाकडे पाऊण असलेला वॉशिंग मशीनचा कॉक घ्या. बिबकॉकच्या तोंडावर रबरी कप आवळून केलेली जोडणी मशीन लागलेली असताना सुटली, तर घर भरते.
- टाइलच्या आत गेलेला पॉइंट: नवी टाइल लावल्यावर सॉकेट खोल जातो आणि नळाचे जेमतेम दोन आटे धरतात. इथे अर्धा, एक, दीड इंच अशा लांबीत मिळणारा एक्स्टेन्शन निपल लागतो. दोन आट्यांवर उभा नळ पहिल्या धक्क्यात हलतो.
- नळी आणि हौज निपल: निपल मागताना दोन मापे सांगा, आट्याचे आणि नळीच्या आतल्या पोकळीचे. ‘आटा पाऊण, नळी अर्धा’ असे. नळी गरम पाण्यात धरून मऊ करा, निपलाच्या शेवटच्या कंगोऱ्यापलीकडे न्या, आणि क्लिप त्याच्या मागे आवळा.
- एचडीपीई पाइप: याला कोणतेही सोल्युशन धरत नाही. कॉम्प्रेशन फिटिंग वापरा किंवा वेल्डिंग करून घ्या.
- गॅस: पाण्याचे निपल, टेप, अडॅप्टर यांतले काहीही गॅसच्या जोडाला लावू नका. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरचे आटे तर मुद्दाम उलटे, डावे असतात, कारण तिथे चुकीची नळी चढूच नये.

रिड्युसर बुश लावून मोठ्या मापाला लहान माप जोडता येते, पण त्याची किंमत पाण्याच्या धारेने मोजावी लागते. पाऊण इंची लाइनच्या मध्ये अर्धा इंचीचा तुकडा घातला तर वाट नावाच्या मापाने निम्म्याहून कमी होते, नऊ भागांतले चारच उरतात. दाब भरपूर असेल तर हे खपते. गच्चीवरच्या टाकीखालच्या मजल्यावर ते जाणवते, कारण तिथे उंची जेमतेम तीन मीटर आणि दाब जेमतेम ०.३ बार. वरच्या मजल्यावर मशीन ‘पाणी नाही’ दाखवत असेल, तर मशीनच्या आधी त्या वाटेतले रिड्युसर तपासा.

प्लास्टिकमध्ये पितळ घालताना

निमुळता धातूचा नर प्लास्टिकच्या मादीत आवळला की तो पाचरीसारखे काम करतो. त्या दिवशी काही होत नाही. काही आठवड्यांनी एफटीएच्या कडेला उभी चीर जाते. शक्य तिथे प्लास्टिक नर आणि धातू मादी ठेवा. ते जमत नसेल तर आत पितळी आटे बसवलेला एफटीए घ्या. तो महाग पडतो, पण नळ वारंवार काढावा लागणाऱ्या जागी दुसरा पर्याय टिकत नाही. टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळा, आणि पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपाचे तुकडे पाण्यात जात नाहीत. धातूचा जोड हाताने बसेल तेवढा बसवून पान्याने दीड-दोन वेढे आवळला की पुरे. प्लास्टिकला एक वेढाही जपून द्या. आणि निमुळता जोड ‘नळाचे तोंड सरळ यावे’ म्हणून कधीही उलटा फिरवू नका. सुटला तर टेप काढून पुन्हा नव्याने गुंडाळा.

दुकानात आणि बिलात

काढलेला जुना तुकडा सोबत न्या, आणि काउंटरवरच नव्याशी हाताने फिरवून पाहा. चार वेढे अडथळ्याविना जायला हवेत. बिल मागा, आणि त्यावर फक्त ‘निपल १ नग’ न लिहिता आट्याचे माप आणि प्रकार लिहून घ्या. तुम्हीच चुकीचे माप सांगितले असेल, तर माल बदलून देणे ही दुकानदाराची मर्जी. पण बिलावर एक माप आणि पिशवीत दुसरे, किंवा आटे अर्धवट कापलेले, ओतीव भागाला भोक पडलेले असेल, तर तो सदोष माल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तीच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने सदोष मालाच्या बाबतीत तुमचा हक्क जात नाही. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

भिंत बुजवण्याआधी सगळे जोड कोरडे पुसा, प्रत्येकाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि रात्रभर लाइन दाबाखाली ठेवा. सकाळी जिथला कागद ओला, तो जोड उघडा. वायसर असलेला कोणताही जोड, युनियन असो की जोडनळी, टाइलच्या मागे जाऊ देऊ नका. तो वायसर कधीतरी बदलावा लागणारच.